प्रश्न क्रमांक चौदा

चौदावा प्रश्न छपराचा.
गवत असेल तर एक, पत्रा असेल तर तीन.
दोन म्हणजे मिश्र.
मिश्र म्हणजे काय, असं मी झोम्बाच्या ऑफिसात विचारलं होतं
प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी.
तेवढ्यात चहा आला.

अभ्यास रक्तदाबाचा.
पण दंडाला पट्टा बांधायच्या आधी
एकोणतीस प्रश्न:
जमीन सारवलेली की सिमेंटची,
रेडिओ आहे का, असेल तर वाजतो का,
सायकल कोणाची,
गेल्या महिन्यात घरात कोणी उपाशी झोपलं का.
हा शेवटचा मी सायकलला स्टँड लावता लावता विचारतो,
सहज आठवल्यासारखा,
कारण समोर बसून विचारला
की सगळेच पोटभर जेवलेले असतात.

एनिफा काम्वेन्डो, घर क्रमांक दोनशे सात.
पहिल्या फेरीत योहानेने स्वतः पत्रे मोजून दाखवले होते.
बावीस.
चिल्वा तळ्यावर मासे धरायचा तो,
एकेक पत्रा एकेका बऱ्या हंगामाचा,
म्हणून काही लखलखीत, काही तांबूस,
एकाला तर आधीच्या कुठल्या छपराची भोकं.
मी तीन लिहिलं.
तो म्हणाला, एवढंच?

तीन वर्षांनी दुसरी फेरी.
त्याच फळीवर बसलो.
वर गवत होतं, नवं,
वास जायचा होता अजून.
मी एक लिहिलं.
तिने काही सांगितलं नाही, मी काही विचारलं नाही,
कागदावर तसा प्रश्नच नव्हता.
कुटुंबातील व्यक्ती: मागच्या वेळेपेक्षा एक कमी.
वरचा दाब एकशे बहात्तर.
मीठ कमी खा, म्हणालो,
आणि निघालो.

मंगळवारी फनिझोचा फोन,
तो ऑफिसात आकडे चढवतो.
दोनशे सातमध्ये चूक आहे म्हणाला.
एकाचा तीन होतो, तीनचा एक होत नाही,
कॉम्प्युटर घेत नाही, लाल पट्टी येते.
जाऊन बघून ये.

अकरा किलोमीटर, वाळूतून.
एनिफा चटईवर बारीक मासळी उलटीपालटी करत होती.
ऐकून हसली.
म्हणाली, सांग तुझ्या कॉम्प्युटरला,
योहानेचं अर्धं अंग गेलं ते रविवारी,
ब्लॅन्टायरला सतरा दिवस.
सहा पत्रे गाडीभाड्यात आणि माझ्या तिथल्या जेवणात,
दहा औषधात,
दोन कोणाला दिले ते आठवत नाही,
चार पेटीला.
पेटी चांगली होती, म्हणाली.

आणि पत्रे?
तिने हनुवटीनेच दाखवलं:
शेजारी, मालिताकडे. सगळे एकाच घरात गेले, बरं झालं.

मालिता, घर क्रमांक दोनशे आठ.
आदल्याच आठवड्यात मी तिथे एकचा तीन केला होता,
अभिनंदनही केलं होतं,
तिने ओंजळभर शेंगदाणे दिले होते,
मी येताना रस्ताभर खाल्ले.
आता ओळखला तो भोकांचा पत्रा.

मनातल्या मनात हिशेब केला.
तीन आणि एक, चार.
एक आणि तीन, चार.
गावाची सरासरी जागची हललेली नाही.
अहवालात येईल, लक्षणीय बदल आढळला नाही,
आणि ते खोटंही नसेल.

फनिझोला कळवलं, चूक नाही.
शेऱ्यात काय लिहू, त्याने विचारलं,
चाळीस अक्षरं बसतात.
मी म्हटलं, लिही, छप्पर तपासलं.

उठलो तेव्हा तळ्याकडून वारा आला.
मालिताच्या घरावर एक पत्रा खडखडला.
एनिफाने मासळीवरची नजर काढून वर पाहिलं,
आधी आपल्या गवताकडे,
मग तिकडे.
तो कोपऱ्यातला खिळा, ती म्हणाली,
योहानेला कधी नीट बसवताच आला नाही.